कच्च्या ब्रँचला पक्कं नाव

दवाखान्यांसाठीच्या एका फुकट, सर्वांना खुल्या सॉफ्टवेअरमधला लहान मुलांच्या औषधाचे थेंब मोजणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, वहिनी सांभाळत होती. नव्या आवृत्तीत वजनाचा हिशेब अजून चुकत होता, म्हणून तिने त्या ब्रँचला, म्हणजे कामाच्या वेगळ्या प्रतीला, सरळ ‘कच्ची’ असं नाव दिलं होतं.

प्रकल्पाचा प्रमुख तिचा दीर. बिस्किटाचा चुरा लागलेलं बोट चाटून तेच त्याने तिच्या पडद्यावर टेकवलं.

“वहिनी, हे नाव बदल. उद्या जाहीर करायचंय. सगळ्या मॉड्यूलच्या ब्रँचला एकच नाव, ‘चार-स्टेबल’, म्हणजे चौथी आवृत्ती, पक्की. एका रांगेत कशी शोभतात बघ.”

“माझी स्टेबल नाही रे.”

“नाव तर द्यायचंय! बाळाचं नाव ठेवताना दात आलेत का बघतो का आपण?”

शेजारी बसलेला टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारा, खो खो हसला. वजनाची चूक त्यानेच शोधली होती.

“दवाखान्यातली मशीनं नावच बघतात,” वहिनी हळू आवाजात म्हणाली. “स्टेबल दिसलं की आपोआप ओढून घेतात. नर्स बिचारी पडद्यावरचा आकडा बघून थेंब देणार.”

“आठवड्यात दुरुस्त करू की.”

“आणि तोवर आजारी पडतील त्यांना थांबा म्हणू?”

“तुझं हे सोवळं घरी ठेव बाई. मत घेऊ. कोण कोण बाजूने?”

टेस्टरने छताकडे बघत हात वर केला. वहिनीला त्या वर गेलेल्या हाताची शिसारी आली. चुकीची तिला कधी शिसारी वाटली नव्हती. चूक कुणाच्याही हातून होते. पण ही माणसं नासलेल्या दुधावर ताजं लिहून मोकळी होत होती, वर हसत होती.

तरी घरातलाच माणूस, म्हणून तिने एकदा विचारून पाहिलं. “तुझ्या छकुलीला देशील हे थेंब?”

“आमच्या डॉक्टरकडे हे सॉफ्टवेअर नाहीये,” तो सहज बोलून गेला आणि दुसरं बिस्किट उचललं.

वहिनीला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मॉड्यूलचे अधिकार तिच्याकडे होते. तिने ते चौथ्या आवृत्तीच्या संचातून काढलं. कारणाच्या चौकटीत सगळे एका शब्दात भागवतात. तिने सविस्तर लिहिलं की वजनाचा हिशेब चुकतो, मुलांसाठी वापरू नये, जुनी आवृत्तीच ठेवावी.

“अगं, हे जगभर दिसतं!” दीर ताडकन उठला. “आपली छी-थू होईल!”

“होऊ दे,” ती म्हणाली. मग तिने पडद्यावरचा बिस्किटाचा डाग पुसून काढला.