फ्रिजमधलं देवकार्य

उदयसिंहांना मूळव्याध झाली ती नेमकी मुलीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. दुखण्याला काळवेळ नसते म्हणतात, पण या दुखण्याने अगदीच लाज सोडली होती. पनवेलच्या कचेरीत पंचवीस वर्षं खुर्ची झिजवलेल्या माणसाला आता खुर्चीवर टेकवेना. आणि आभाचं कन्यादान म्हणजे पाटावर मांडी घालून चांगला दीड तास.

नाहीच जमलं तर थोरले भावजी बसतील, असं त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी हळूच सुचवून पाहिलं. उदयसिंह त्या दिवशी जेवले नाहीत. आभा जन्मली तेव्हापासून हे दान त्यांनी आपल्या हातांसाठी राखून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी लावायला मलम दिलं आणि आतून ठेवायच्या मेणासारख्या पांढऱ्या कांड्या दिल्या. शस्त्रक्रियेचं लग्नानंतर बघू, पण कांड्या थंड जागी ठेवा, असं बजावलं. मे महिना होता. पहिलं पाकीट बाजारातून रिक्षाने घरी येईपर्यंतच वितळून गेलं. त्या काळी अख्ख्या बिल्डिंगमध्ये थंड जागा एकच, तळमजल्यावरच्या सुमतीकाकूंचा फ्रिज.

सुमतीकाकू मनाने सोनं, पण तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय फ्रिजमध्ये कुणीही काही ठेवलं की झाकण उघडून बघायची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. त्या घाबरत फक्त देवाला. म्हणून उदयसिंहांनी नवं पाकीट स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याला चिकटपट्टी लावली आणि वर कागद डकवला: ‘देवकार्याचे. हात लावू नये.’

काकूंनी डबा सगळ्यात वरच्या खणात ठेवला आणि त्याच्याशेजारची अंडी तडक शेजारणीला देऊन टाकली. सकाळ-संध्याकाळ उदयसिंह येत, डबा वर नेत आणि पाच मिनिटांनी परत आणून ठेवत. मुलीच्या सुखासाठी बाप काय काय करतो, असं काकू जिन्यात भेटेल त्याला सांगू लागल्या. उदयसिंह मान खाली घालून वर जात, आणि लोकांना तो विनय वाटे.

औषधाला गुण आला. घड्याळ समोर ठेवून ते रोज पाटावर बसायचा सराव करू लागले. लग्नाच्या आदल्या दिवशी पाऊण तासापर्यंत मजल गेली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात ते पाटावर जपून बसतात न बसतात, तोच सुमतीकाकू पाहुण्यांतून वाट काढत आल्या. हातात तो डबा. एवढं देवाचं साहित्य आणि हे विसरून आले, असं म्हणत त्यांनी तो थेट गुरुजींच्या हातात दिला. उदयसिंहांनी डबा घ्यायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. समोर व्याही बसलेले, मागे दोनशे माणसं.

गुरुजींनी चिकटपट्टी सोडवली, झाकण बोटभर उचललं, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. लग्नसराईत दिवसाला तीन-तीन कार्यं मांडी घालून लावणारा माणूस तो. ते उदयसिंहांच्या कानाशी वाकले.

“किती दिवस झाले?”

“आठ.”

“मला बारा वर्षं.”

मग डबा आपल्या पिशवीत सरकवून ते खणखणीत आवाजात म्हणाले, “यजमानांना मऊ आसन द्या. कन्यादान सुखाने बसून करावं असं शास्त्र आहे. दोन उशा आणा, एक मला.”

असं शास्त्र कुणी ऐकलं नव्हतं, पण गुरुजींना विचारणार कोण? व्याही मघापासून या मांडीवरून त्या मांडीवर होत होते. ते घसा खाकरून म्हणाले, “शास्त्रच असेल तर मलाही एक द्या.”

उदयसिंहांना हसू आवरेना. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते मोकळे हसले, आणि आपण एकटे नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की भीती कुठल्या कुठे पळाली.

विधी सुरू झाले. सुनंदाबाईंनी पाण्याची धार धरली. धारेखाली उदयसिंहांच्या हातात आभाचा हात होता. दीड तास ते जागचे हलले नाहीत. गुरुजींनी आता उठा म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना उठवेना. दुखत काहीच नव्हतं. आभाचा हात सोडवत नव्हता.