कात्रीने खिळा सोडला

निळ्या खडूची रेघ, मध्येच थांबलेली.

रबरी चेंडू.

भिंतीतला खिळा.

राखाडी कापड, अजून घडीत.

चिंध्यांचं पोतं.

मित्रांनो, हा सगळा पसारा माझा आहे. मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याची, लांब पात्यांची. पसारा आवरून मग बोलायची मला सवय नाही. ऐका.

भट्टीत तापले, ठोकून घेतलं, धार चढली आणि मी कटिंग मास्तरांच्या उजव्या हातात आले. कोट, पँटी, गणवेश, पडदे. "फिटिंग बघावं तर मास्तरांचंच," असं गिऱ्हाइकं म्हणायची. माझं नाव कोणी काढायचं नाही. चालायचंच.

आमच्या दुकानात एक नियम होता, मास्तरांनीच घातलेला. एकाची कात्री दुसऱ्याने उचलायची नाही. कात्री एका हाताला बसते. हात बदलला की बिघडते.

एका सकाळी कापडावर खडूची रेघ ओढता ओढता मास्तर थांबले. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. मी टेबलावरून पडले, आणि माझ्यामागून ते. अर्धांगाचा झटका.

मास्तर दवाखान्यात गेले. त्यांच्या धाकट्या भावाने मला पुसलं, तेल लावलं आणि खिळ्याला टांगलं. गिऱ्हाइकांना दाखवायचा, "ही दादाची कात्री." स्वर असा, की गिऱ्हाइकांनी चपला काढायच्याच काय त्या बाकी राहायच्या. मला राग यायचा. जिवंत माणसाची वस्तू अशी टांगतात का?

मग मास्तर आले. पाय ओढत, उजव्या मुठीत दवाखान्याने दिलेला रबरी चेंडू. मूठ काही तो दाबत नव्हती.

"दादा, तू खुर्चीत बस. गिऱ्हाइकांशी बोल," भाऊ म्हणाला.

"बोलू?" मास्तरांची जीभ जड होती. "हे... असं?"

डाव्या हाताने त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

"दादा, तुझाच नियम आहे. हात बदलला की कात्री बिघडते."

"हा पण... माझाच हात."

खरं सांगू? तो हात मला परका होता. उजव्या हाताची कात्री डाव्यात धरली की पाती फाकतात, कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. मास्तर चिंध्यांच्या पोत्याशी बसले. अंगठा उलट्या बाजूला रेटायचा, पाती एकमेकींवर दाबायची. मी चिंधी नुसती चावली. पुन्हा. पुन्हा चावली. मीही हट्टाला पेटले. पोतं निम्मं झालं, तेव्हा एक चिंधी सरळ कापली गेली.

"चिंध्या ठीक आहेत. पण गिऱ्हाइकाचं कापड मी देणार नाही, दादा. नाव जाईल दुकानाचं."

तेवढ्यात मास्तरांच्या बायकोने टेबलावर राखाडी कापड टाकलं. "हे माझ्या कोटाचं. आता तर चालेल?"

"वहिनी, वाया जाईल हो."

"गेलं तर माझं जाईल. भाऊजी, जरा सरका. उजेड अडतोय तुमच्यामुळे."

मास्तरांनी निर्जीव उजवा हात उचलून कापडावर ठेवला, वजन म्हणून. कापड हललं नाही. मग आम्ही निघालो. दुपार सरली. पाठीच्या तुकड्यावर मी एकदा घसरले. भाऊ पुढे झाला.

"शिलाईत... जाईल," मास्तर म्हणाले. आणि ते वाकडं कापलेलं शिवणीत दडलंच.

दुसऱ्या दिवशी भावाने गिऱ्हाइकाचं कापड मास्तरांपुढे ठेवलं. घाईचं काम होतं. "लवकर आटप" म्हणायलाही तो विसरला नाही. मला फार बरं वाटलं.

तर मित्रांनो, आम्हाला जपा, पण टांगून नको. तेल द्या, धार लावा आणि कामाला जुंपा. पाती फाकली तर आम्हाला थोडा वेळ द्या. कीव करायचीच असेल तर खिळ्याची करा, तो रिकामा आहे.

स्वतःच्या लग्नाचा कोट मास्तरांनी धडधाकट उजव्या हाताने कापला होता. त्याची एक बाही आखूड होती.