शेवटचा धवला

मोरीतला कोरडा नळ आधी खाकरला, मग फुरफुरला, आणि विनितानं लॅपटॉपवरचं चित्र होतं तिथेच थांबवलं. भर दुपारी पाणी आलं होतं. आतल्या खोलीत लेक त्रिशा झोपलेली. ती उठायच्या आत पिंपही भरायचं आणि लेखाचा उरलेला भागही पुरा करायचा, हे कसं जमवावं याचा विचार करत ती उठणार, तोच अंजनीआत्यानं पदर खोचला.

"तू बस. तुझं चालू दे."

आत्या मोरीकडे गेली. जाताना टेबलावरून तिची नजर गेली, पण थांबली नाही.

पडद्यावर आत्याच होती. विशीतली, हळदीनं पिवळी झालेली, कपाळावर मुंडावळ्या, मांडवात मांडी घालून बसलेली. शेजारी नवरदेव. समोर धवलारीण ठमाबाई, तिचं तोंड गाता गाता उघडं राहिलेलं.

तीस वर्षांपूर्वी दूरदर्शनसाठी एक टेलिफिल्म विनिताच्या माहेरी, बदलापूरच्या पलीकडच्या गावात चित्रित झाली होती. मिठागरं सुटलेल्या एका आगरी घराची गोष्ट. मुख्य नटनट्या मुंबईच्या, पण लग्नाच्या प्रसंगातल्या नवरीला एकही वाक्य नव्हतं, म्हणून दाढीवाल्या दिग्दर्शकानं गावातलीच मुलगी घेतली: विनिताच्या बाबांची बहीण अंजनी. नवरदेव मात्र पुण्याचा नट. आणि लग्न लावायला खरीखुरी धवलारीण, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी. त्यांच्या गावात भटजी नंतर आला. लग्नं लावायची ती धवलारणीनं. ती एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, पूर्वजांना बोलावते, आणि तिचा शेवटचा धवला गाऊन झाला की लग्न लागलं.

टेलिफिल्म लागली त्या दिवशी जनूनं, म्हणजे विनिताच्या बाबांनी, टीव्ही उचलून ओटीवर आणला होता. सगळा गाव अंगणात. कुणाचा बैल दिसला की शिट्टी, कुणाची म्हातारी दिसली की हशा. विनिता तेव्हा चार वर्षांची. बाबांच्या खांद्यावर बसून तिनं टीव्हीत बाबांच्या खांद्यावर बसलेली विनिता बघितली आणि घाबरून रडायलाच लागली. लग्नाचा प्रसंग आला तसं अंगण गप्प झालं. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले, खऱ्या मांडवात करतात तसे.

त्या एका प्रसंगापायी आपण या धंद्यात पडलो, असं ती मुलाखतीत सांगायची. धंदा म्हणजे काय, तर अंबरनाथ पश्चिमेच्या या दोन खोल्यांत, नवरा कल्पेश कंपनीत आणि लेक झोपेत असताना, ज्या चित्रपटांची पोस्टरं लागत नाहीत त्यांच्याविषयी लिहायचं. स्वतःच्या पैशांनी काढलेले सिनेमे, माहितीपट, जुन्या टेलिफिल्म. तिची मतं ठाम. माहितीपटात निवेदक बोलायला लागला की तिच्या कपाळावर आठी चढायची. बोलणारा माणूस मधेच अडखळला तर ते कापू नका, असं ती पुन्हा पुन्हा लिहायची. टेलिफिल्ममध्ये दुःख आलं की मागून वाजणाऱ्या बासरीवर तिचा जन्माचा राग होता. आणि तिची खास ओळख म्हणजे, नायकाला सोडून ती मागे उभ्या असलेल्या माणसावर लिहायची. दारात टेकलेला शेजारी, चहा ठेवून जाणारा कारकून. वाचक म्हणायचे, बाईंची नजर भलतीकडेच असते.

आता ती टेलिफिल्म साफसूफ करून रविवारी जवळच्याच कॅम्प पाचमधल्या हॉलमध्ये दाखवणार होते. आणि साप्ताहिकानं तिला पहिल्यांदा अख्खं पान दिलं होतं.

फोन थरथरला. जितेश, साप्ताहिकाचा संपादक.

"मॅडम, कुठपर्यंत आलं? पान रोखून धरलंय तुमच्यासाठी."

"होतंय. शेवटचं राहिलंय."

"आणि आत्या? आत्याचं काय झालं? डायरेक्टर सर येतायत, नवरदेव पण कन्फर्म झाला. साठी उलटलीय, पण काय फिट आहे यार! दोघांना स्टेजवर शेजारी शेजारी उभं करायचं, हार घालायचे. तीस साल बाद नवरा-नवरी! तोच फोटो पानभर. फोटो नसेल ना, तर वरचे लोक अर्धं पान जाहिरातीला देतील, मी आत्ताच सांगून ठेवतो."

"विचारते."

"विचारू नका, घेऊनच या!"

तिनं फोन ठेवला. मोरीतून पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आता जाड झाला होता. आत्या उंबऱ्यात बसली होती, बादली भरली की पिंपात रिकामी करायला. विनिताच्या लिहिण्याच्या दिवशी ती गावाहून यायची. येताना कागदात गुंडाळलेली सुकट नाहीतर शेवग्याच्या शेंगा. बालवाडी बंद पडल्यापासून त्रिशा हीच तिची बालवाडी.

"आत्या, रविवारचं काय करायचं?"

"काय करायचं? तू जा. पोरीला मी सांभालीन."

"अगं, तुलाच बोलावलंय. पाच मिनिटांचं काम. हार घालतील, फोटो काढतील, आपण घरी."

"माझा काय फोटो काढतंस? गुडघं दुखतात."

"स्टेजला तीन पायऱ्या आहेत फक्त. मी हात धरीन."

आत्या हसली. "लिहिलंस काय माझ्यावर? वाच बघू."

विनितानं वाचलं. नवरीच्या त्या होकाराविषयी तिनं जीव ओतून लिहिलं होतं. शेवटच्या धवल्याआधी ठमाबाई थांबते. नवरीकडे बघते. मांडवात कुणी हलत नाही. मग नवरी डोळे खाली घेते आणि दिसेल न दिसेल अशी मान हलवते, आणि ठमाबाईचा आवाज पुन्हा चढतो. 'नाटकाचं कुठलंही शिक्षण नसलेल्या मुलीकडून असा अभिनय काढून घेणं ही दिग्दर्शकाची कमाल आहे,' असं तिनं लिहिलं होतं. त्याखाली तिच्या सवयीप्रमाणे एक दोषही दाखवला होता. 'नवरदेव झालेला नट मात्र प्रसंगभर चुळबुळ करतो, सारखा सरकतो, त्यामुळे नवरीच्या चेहऱ्यावर त्याची सावली पडत राहते. ही प्रकाशयोजनेतली चूक आहे.'

"चूक कंची?" आत्यानं बादली उचलता उचलता विचारलं.

"सावली बघ ना. तुझा अर्धा चेहरा काळा झालाय."

"ऊन व्हतं माझ्या तोंडावर. डोलं उघडवत नव्हतं. म्हणून तो सरकत व्हता." तिनं बादली पिंपात रिती केली. "त्याला कोन बोललं नव्हतं. दाढीवाला उलटा ओरडला त्याच्यावर. तरी सरकलाच."

विनिताचा हात कीबोर्डवरच राहिला. मग तिला हसू आलं. "बरं, मी ते काढते. पण बघ, तुला सगळं आठवतंय. हेच तिथे सांग की माइकवर! आणि ती मान हलवायला कुणी शिकवलं ते पण."

आत्यानं नळ बारीक केला. पाण्याची धार आवाज न करता उतरायला लागली.

"दाढीवाल्यानं नाय शिकवलं," ती म्हणाली. "त्याला पाहिजे व्हत्या धवल्याच्या दोनच ओली. ठमाबाय त्याला बोलली, दादा, देवांना नावं घेऊन मांडवात बसवायचं नि अर्ध्यातून उठ म्हनायचं? माझ्याच्यानं व्हनार नाय. तो खूश झाला. बोलला, गा तुम्ही, पूर्ण गा."

"म्हणजे सगळे धवले खरे?"

"खरे म्हंजे? धवले काय खोटे असतात?"

विनिता खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसली.

"आदल्या सांजेला ठमाबाय आमच्या वटीवर आयली," आत्या सांगू लागली. "बोलली, अंजे, हे शहरचे लोक नाटक समजतात, पन माझ्या तोंडून निघालं की निघालं. शेवटचा धवला मी तुझ्या हुकमानं म्हनीन. मी थांबीन, तुझ्याकडं बघीन. नको असंल तर तू गप बस, मी ठसका लागल्यासारखं करीन नि उठीन. कुनाला कलनार नाय."

पंखा फिरत होता. पडद्यावर ठमाबाईचं तोंड तसंच उघडं.

"आणि तू मान हलवलीस," विनिता म्हणाली.

"हलवली."

विनिताला आठवलं, घरात यावर कधी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आत्याला बालवाडीची नोकरी लागली, मग आजोबांचं दुखणं, मग राहूनच गेलं, अशी ती गोष्ट होती. आई कधी चिडली की म्हणायची, चांगली चांगली स्थळं परत लावली हो बाईंनी, कारण विचाराल तर नुसती हसते.

"त्या ठमाबाईनं तुझं..." तिचा आवाज चढला. "विसाव्या वर्षी कुणाला काय कळतं, आत्या? तिनं तुला असं विचारायचंच कशाला? उभं आयुष्य..."

"ठमाबायला काय बोलायचं नाय." आत्याचा आवाज मात्र तसाच. "घरात माझं लगीन कुठं करायचं ते आबा नि जनूदादा बोलत बसायचे, मी त्यांना चाय द्यायची. ती एकटी मना विचाराय आयली. नि मेली तवर कुनाजवल बोलली नाय."

"पण तो माणूस! त्याला तू ओळखत पण नव्हतीस."

"एक दिवस ओलखत व्हते." तिनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. "तुझ्या आईनं तरी लग्नाआधी जनूदादाला एवढा वेल बघितला नव्हता."

आणि मग ती हसायलाच लागली. "तसा दिसायचा गो अधूनमधून. टीव्हीवर. कवा हवालदार, कवा कोनाचा बाप. हिरो कवाच नाय झाला. एका शिरेलीत त्याला मारला ना, त्या दिवशी मना जेवन गेलं नाय. तुझी आई बोलली, अंजू येडी झाली, नाटकातल्या मयतासाठी रडते."

विनिता हसली नाही. तिला शनिवारच्या दुपारी आठवत होत्या. बाहेर उन्हात वाळत घातलेले मासे, त्यांचा वास, टीव्हीवर कुठलीतरी टेलिफिल्म, आणि आत्याच्या मांडीवर ती. आत्या एकही टेलिफिल्म चुकवायची नाही. दिवे गेले तर पार स्टेशनजवळच्या दुकानापर्यंत चालत जायची, तिथल्या टीव्हीसमोर उभी राहायची, विनिताला कडेवर घेऊन. आणि कानाशी कुजबुजायची: हिरोला काय, सगलेच बगतात. त्याच्या मागं जो उभा हाय ना, त्याला बग.

ती बघायची. दारात टेकलेला शेजारी. चहा ठेवून जाणारा कारकून. आत्याच्या हाताची पकड मधेच घट्ट व्हायची, ते चित्र सरकलं की सैल.

तिनं लॅपटॉपकडे तोंड फिरवलं. 'प्रकाशयोजनेतली चूक' हे शब्द निवडले आणि पुसले. मग वरचं 'अभिनय' पुसलं. तिथे दुसरं काय लिहावं ते सुचेना. पुसलेल्या जागी काळी रेघ लुकलुकत राहिली.

"म्हणून येत नाहीस रविवारी?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"मना त्याला बगायचं हाय," आत्या म्हणाली. "का नाय? म्हातारा झालेला बगायचं हाय. पन स्टेजवर गेले तर तो हात जोडल, बोलल, नमस्कार ताई." तिनं नळ पुरता बंद केला. "त्याच्या तोंडातून ते मना नाय ऐकायचं."

फोन पुन्हा थरथरला. 'मॅडम, आत्याचं फायनल ना?' जितेशनं पुढे हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. विनितानं 'तब्येत बरी नाही' एवढं लिहिलं. अर्धं पान तर अर्धं पान. पाठवायच्या बटणावर बोट नेलं, आणि तिथेच थबकली. मागच्या रांगेत, खांबाआड, अंधार झाल्यावर आत्याला नेऊन बसवता येईल. दिवे लागायच्या आत बाहेर काढता येईल. येईल का?

"अंजूआजी, तुझं लग्न झालंय?"

आतल्या दारात त्रिशा उभी होती. एका गालावर उशीच्या अभ्र्याची वळी उमटलेली, हातात फरफटत आणलेली चादर. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"झोप झाली माझ्या बायची?" म्हणत आत्या उठली. "थांब, दूध आनते." आणि ती गुडघ्यावर हात टेकत स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

त्रिशा आईच्या मांडीवर चढून बसली. पडद्यावरच्या पिवळ्या नवरीकडे तिनं नाक चिकटेल इतक्या जवळून पाहिलं, मग शेजारच्या माणसावर बोट ठेवलं.

"हा नवरदेव?"

"हो."

"याला माहितीये, आजीशी याचं खरं खरं लग्न झालंय?"

"नाही, बाळा."

त्रिशानं थोडा विचार केला. मग मान वर करून, आतल्या आजीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात तिनं विचारलं,

"मग त्याला कोण सांगणार?"