रे न वाजणारी पायपेटी

मित्रांनो, बोट टेकताच वाजणारी वाद्ये तुम्ही रोज पाहता. मी तशी नाही. मी पायपेटी आहे आणि वयाने तुमच्या आजीएवढी आहे. माझ्या दोन फळ्या पायांनी दाबल्या, की भात्यात वारा भरतो आणि मग कुठे मी गाते.

हामामात्सुच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून आगगाडीने मी आमागासाकीच्या एका प्राथमिक शाळेत आले. ओकित्सु नावाच्या तरुण बाई मला वाजवीत आणि सारा वर्ग गाई. ते दिवस फार सुखाचे होते. पण एका वादळात शाळेत पाणी शिरले. मी वाचले, माझा मधला 'रे' मात्र गेला. ती पट्टी दाबली, की नुसता वारा फुसकन निघून जाई. "पेटीला सर्दी झालीय," म्हणून मुले हसत. बाई दुरुस्तीची मागणी करीत आणि पुढच्या वर्षी पाहू, असे उत्तर येई. मला फार लाज वाटे.

मुले मात्र सरावली. तोमोए कुराता नावाची मुलगी शाळा सुटली तरी घरी जात नसे. माझ्यापाशी बसून ती स्वतःच्या चाली रची. 'सा'वरून थेट 'ग'वर उडी घेई, आणि ती उडी तिला आवडूही लागली. ती शाळा सोडून गेल्यावर काही वर्षांनी मासुमी इगावा आली. ही अबोल होती, पण तिची बोटे बडबडी. तीही तशाच उड्या मारू लागली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नाही.

पुढे शाळेत विजेची वाद्ये आली आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडू आणि फुटक्या बादल्यांच्या संगतीत झाली. आता माझ्या वाट्याला फक्त जिन्यावरच्या मुलांचे गुणगुणणे उरले. त्या चाली व्हिडिओ गेममधल्या असत. एका खेळात पाणमांजर नदीच्या तळाशी पोहत असे. दुसऱ्यात एक कंदीलवाला बर्फाचा डोंगर चढत असे. त्या दोन चालींवरून मुले हमरीतुमरीवर येत.

"कंदीलवाल्यानं सरळ ढापलीय."

"ढापलीय काय? पुढं ऐक की जरा, किती वेगळी आहे."

खेळांच्या एका मासिकानेही चोरीचा संशय छापला आणि दोन्ही चाली कुणाच्या, तेही छापले. पाणमांजराची, म्हणजे आधीची चाल तोमोएची होती. कंदीलवाल्याची मासुमीची. मासुमीच्या कंपनीने ती चाल खेळाच्या पुढच्या भागातून काढायचे ठरवले आणि तिला नवे काम देणे थांबवले. ओकित्सु बाईंनी ती नावे वाचली. त्यांनी दोघींना शाळेत बोलावून घेतले.

एका रविवारी दोघी आल्या. बाईंनी त्यांनाच मला जिन्याखालून बाहेर ओढायला लावले. मासुमी तोमोएपुढे वाकून म्हणाली, "मी तुमचा खेळ कधी खेळलेच नाही. पण लोकांचं ऐकून ऐकून आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

 तोमोए माझ्यासमोर बसली, तिने आपली चाल वाजवली आणि मग म्हणाली, "इगावा-सान, आता तुमची वाजवा बघू."

मासुमीने वाजवली. वाटेतले डबके ओलांडावे, तशी तिची बोटे त्याच पट्टीवरून पलीकडे गेली.

"तुम्हीपण ती पट्टी टाळता?"

"वाजतच नाही ना ती. मी इथंच तर शिकले."

"अगं, मीपण इथंच शिकले." तोमोए एकदम बाईंकडे वळली. "बाई, ही दुरुस्त का नाही हो केली?"

"मंजुरीच मिळेना गं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तरी कुठं तक्रार केलीत?"

मासुमीला हसू फुटले आणि हसता हसता ती रडू लागली. तोमोएने तिला शेजारी बसवून घेतले. "उद्या तुझ्या साहेबांकडे मी स्वतः येते," ती म्हणाली. "त्यांना सांगते, उडी दोघींची आहे, पण पुढची वाट तुझी तूच काढलीस."

ती खरोखरच गेली. मासुमीची चाल खेळात राहिली. मासिकाकडे चोरीचा आरोप करणारी पत्रे त्यानंतरही येत होती, पण मासुमी पुन्हा नव्या चाली रचू लागली. आणि मित्रांनो, ज्या उणिवेची मी इतकी वर्षे लाज बाळगली, तिच्यासह मी दोन मुलींना काही देऊ शकले, हे मला त्या रविवारी कळले.

पुढे मुले कमी झाली आणि शाळा बंद पडली. तेव्हा दोघींनी मला इथल्या वस्तीच्या सभागृहात आणून ठेवले. मित्रांनो, कुणाची चाल कुणासारखी वाटली, तर चोर म्हणण्याआधी एवढे विचारा, की तू कुठे शिकलास. आणि तुमच्या शाळेत जिन्याखाली एखादे जुने वाद्य पडले असेल, तर त्याची धूळ पुसा आणि त्याला वाजवा. न हलणारा भाता कडक होऊन फाटतो.

माझ्याकडे हल्ली दोन चुलत बहिणी येतात. त्यांचे पाय आखूड आहेत, म्हणून एकीचा पाय एका फळीवर असतो, दुसरीचा दुसऱ्या फळीवर. "ही माझी चाल आहे," "नाही, माझी," असे त्यांचे चालू असते. भांडता भांडता त्या फळ्या दाबत राहतात आणि माझा भाता भरत जातो.