पाकटांची पारख

मत्स्यालयात माझं काम म्हणजे उथळ हौदाशी उभं राहून पाकटांना हाताने भरवायचं आणि बघायला आलेल्यांना शहाणपण शिकवायचं. पाकट म्हणजे शार्कचाच भाऊबंद, फक्त लाटण्याखाली सापडल्यासारखा. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली, त्यामुळे आपण काय खातोय हे त्याला जन्मात दिसत नाही. आमच्या ह्यांना दिसतं, तरी ते विचारतात. पाकट विचारत नाही. त्याच्या तोंडाभोवती बारीक भोकं असतात, आत जेलीसारखा पदार्थ भरलेला. वाळूत लपलेल्या खेकड्याचं काळीज धडधडलं की पाण्यात इवलीशी वीज पसरते आणि ती या भोकांना कळते. शार्कचंही तसंच. हे मी दिवसभर सांगत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि तेही कोपरापर्यंत पाण्यात!

कारण लग्नानंतर काही दिवसांनी पाकटं माझ्या डाव्या हाताच्या मागेच लागली. उजव्या हातात कोळंबी धरली तरी ती सोडून डावं बोट चावायची. त्यांचे दात चपटे, रक्त येत नाही, पण जीव जातो. मी किंचाळायचे, मग हौदाभोवतीची पोरं भोकाड पसरायची. आमच्या साहेबांना आम्ही मागे 'फुगा' म्हणतो. ते गाल फुगवून म्हणाले, "बाई, तुम्हाला आता मासे झेपत नाहीत. सोमवारपासून तिकीटखिडकीत बसा."

तिकीटखिडकी! मला रडूच आलं. या हौदासाठी मी दोन स्थळं नाकारली होती, आणि तिसऱ्याला अट घालून लग्न केलं होतं.

मी साबण बदलला, तेल लावणं सोडलं, पाकटांना शिव्या दिल्या. शेवटी आमच्या माशांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती अंगठी काढून बघ."

"अहो, अस्सल सोनं आहे. ते पाण्यात गप्प बसतं."

"मग काढायला काय जातं?"

जात होतं बरंच. अंगठी सासूबाईंची. सासऱ्यांनी त्यांना लग्नात घातलेली, "शंभर नंबरी" असं ते अजून दारात आलेल्या पोस्टमनलाही सांगतात. सासूबाईंनी ती माझ्या बोटात चढवताना बजावलं होतं, "ही कधी म्हणजे कधी काढायची नाही."

साबण लावून काढली. रिकामा हात पाण्यात घातला, तर एकाही पाकटाने ढुंकून पाहिलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतःची सोन्याची अंगठी दोऱ्याला बांधून सोडली. सगळी शांत. माझी सोडली मात्र, आणि फुकट जेवणाची पंगत बसावी तशी पाकटं एकमेकांवर चढली.

बोटावर हिरवं कडं उमटलं होतं. इतके दिवस मी ते शेवाळ समजत होते.

"वरचा मुलामा झिजलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली पितळ. दोन धातू, वर खारं पाणी. बोटात बॅटरी घालून फिरतेस तू."

फुग्याने स्वतः पाहिलं आणि गालातली हवा सोडली. "ही घरी ठेवून या, मग हौद तुमचाच."

मी तणतणतच घरी गेले. मला फसवलं म्हणून नाही, बोट माझं चावलं म्हणून! सगळे जेवायला बसले होते. मी अंगठी ताटाशेजारी ठेवली.

"आई, ही मला काढावी लागतेय. पाकटं चावतात."

"सोन्याला?" ह्यांनी विचारलं.

सासऱ्यांचा घास घशातच राहिला. असा मोठ्या आवाजाचा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा माझ्याकडे असा बघत होता, की माझा सगळा राग पाण्यात गेला.

"हो," मी म्हटलं, "फार शुद्ध सोनं असलं की त्यांना वेड लागतं."

"मग!" सासरे ठसक्यातूनच गरजले. "शंभर नंबरी आहे!"

जेवणं आटोपली. मी भांडी घासत होते, तेव्हा सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं खोटं बोललीस."

माझ्या हातातली वाटी निसटली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. सैल करायला सोनाराकडे नेली होती. तो हसला, मी नाही हसले. तेव्हा यांच्याकडे होतंच काय? पण मी बोटाला हात लावला की यांचा जीव वर-खाली. जन्मभर बघितलं मी ते. म्हटलं, सुनेच्या बोटात गेली की सुटतील बिचारे."

"आणि मला काढू नकोस म्हणालात ते?"

"काढली की बाई सोनाराकडे जाते," सासूबाईंनी वाटी उचलून माझ्या हातात दिली. "मेलीच्या हौदातच सोनार बसलाय, हे मला कुठे ठाऊक!"