सुरुवात न पाहता दिलेली मतं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, आज मी चिडलेली आहे. मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाजवळची नव्हे, कचेरीतलीही नव्हे. मी टॉकीजमधली खुर्ची. बाल्कनीची शेवटची रांग, दाराजवळची जागा. गेल्या आठवड्यात या घरच्या बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "चित्रपटातला खरा खलनायक ही खुर्ची आहे. नायिका रडायला लागली की ही कर्रर करते. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी करकरते म्हणे!

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने माझे लोखंडी पाय जोडले, गादीवाल्याने स्प्रिंगांवर काथ्या दाबून वर लाल रेक्झिन ताणलं. माझी बैठक अशी बसवली की माणूस उठला की ती आपोआप वर मिटावी. मग मला माझ्या बहिणींबरोबर टॉकीजच्या जमिनीत बोल्टांनी आवळून टाकलं. तिथे मी किती चित्रपट पाहिले याची गणती नाही.

खुर्चीला कुठे डोळे असतात, असं तुम्ही विचाराल. मला डोळ्यांची गरजच नाही. मला माणसांच्या पाठी कळतात. चित्रपट जमला की पाठ मला सोडून पुढे सरकते. भीती वाटली की ती माझ्यात रुतते. आणि कंटाळा आला की माणूस चुळबुळ करतो, आणि तेव्हाच, मित्रांनो, माझ्या स्प्रिंगा वाजतात. म्हणजे करकर माझी, पण कंटाळा बसणाऱ्याचा. हे बाबांना कोण सांगणार?

माझ्यावर सगळ्यात जास्त बसली ती आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती तिथे डोअरकीपर होती. दारात तिकीट फाडायचं आणि बॅटरीच्या उजेडात लोकांना जागा दाखवायची, हे तिचं काम. उशिरा येणारे संपता संपत नसत. सगळे बसले की मग ती माझ्यावर टेकायची, आणि तोवर पडद्यावर बरंच काही घडून गेलेलं असायचं. एका चित्रपटातल्या सावकाराला ती कित्येक वर्षं नावं ठेवत होती. त्याने सुरुवातीलाच कोणासाठी तरी तुरुंगवास भोगला होता, हे तिला टॉकीज बंद पडायच्या सुमारास कोणीतरी सांगितलं. "मेला उगीच शिव्या खात होता माझ्या," असं म्हणून ती किती हळहळली!

टॉकीज बंद झालं तेव्हा आठवण म्हणून तिने मला मागून घेतलं. सुताराकडून जाड फळीवर बसवून घेतलं आणि धाकट्या भावाच्या घरी आणलं. तेव्हा कौतुक काय माझं! शेजारपाजारचे येऊन बसून बघायचे. या घरात आत्याबरोबर तिचा भाऊ म्हणजे हे बाबा, वहिनी म्हणजे आई, आणि त्यांची मुलगी ठमी. दर रविवारी दुपारी सगळे मिळून चित्रपट पाहतात. आत्याला वाटलं होतं, आता चित्रपट पहिल्यापासून बघायला मिळतील.

कसलं काय! बाबांच्या हातात रिमोट असतो आणि ठमीच्या हातात मोबाइल. चित्रपट सुरू झाला की ठमी म्हणते, "बाबा, पुढे ढकला, अजून काही होत नाहीये." अगं, व्हायला वेळ तरी दे!

मागे एक भुताचा चित्रपट लावला. ओसाड घर, दार वाजतं, बाहेर कोणी नाही. बाबांनी शांततेचे सगळे तुकडे पळवले. भूत कुरिअरवाल्यासारखं आलं, बेल वाजवून निघून गेलं. वर यांचं मत काय? "छे, भीतीच वाटली नाही." नंतर एक मारामारीचा. नायक सातव्या मजल्यावरून उडी मारतो आणि खाली उभा राहून केस सारखे करतो. माझा एक बोल्ट सैल झाला तर मी आठवडाभर लटपटते! तो मात्र यांनी एक क्षणही न पळवता पाहिला. लग्नाच्या विनोदी चित्रपटात सगळे एकमेकांच्या अंगावर केक पाडत होते. आई हसली, पण मला विचाराल तर केकचं नुकसान सोडून त्यात काही नव्हतं. आणि तो हरवलेल्या कुत्र्याचा! किती गोड होता. त्या दिवशी ठमी माझ्यावर बसली होती आणि तिची पाठ माझ्यापासून सुटत आली होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. कुत्रा घरी पोचला तेव्हा ठमी कोणाला तरी अंगठा पाठवत होती. नंतर म्हणाली, "ठीक होता."

एकदा आत्या म्हणालीही, "जरा पहिल्यापासून लाव की रे धाकट्या."

"आत्या, तुझं बरं आहे," ठमी म्हणाली. "तू तर सगळे चित्रपट फुकटात पाहिलेस."

"शेवट पाहिले गं," आत्या म्हणाली. बस, एवढंच. भावाच्या घरात राहायचं तर किती बोलायचं, असं तिला वाटत असावं. मला भंगारात द्यायचं ठरलं तेव्हाही तसंच. फक्त दुसऱ्या दिवशी तिने मशीनचं तेल आणून माझ्या बिजागऱ्यांत सोडलं. जाणाऱ्या माणसाला नवे कपडे घालावेत तसं.

आणि तो रविवार उजाडला. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. दुपारी दीपगृहात राहणाऱ्या एका म्हातारीचा चित्रपट लावला. नेहमीप्रमाणे सुरुवात पळवली. पडद्यावर म्हातारी सुनेवर खेकसत होती, "कडी लावलीस का? पुन्हा बघून ये." दर थोड्या वेळाने तेच.

"काय खाष्ट बाई आहे," बाबा म्हणाले. "सुनेला जगू देत नाही."

"नुसती कटकट. बोअर आहे," ठमी म्हणाली. "दुसरा लावा."

आत्याचे हात माझ्या हातांवर घट्ट झाले. "धाकट्या, मागे घे."

"कुठवर?"

"पहिल्यापासून."

"ताई, पहिल्यांदा नुसती नावं असतात."

"मग नावं बघू. मला घाई नाही."

तिचा आवाज असा होता की बाबांनी निमूटपणे मागे घेतलं. नावं गेली. मग तेच दीपगृह दिसलं, म्हातारी तेव्हा तरुण होती. ती दिव्याची काच पुसते आहे, खाली दार उघडं राहिलं आहे, आणि तिचं छोटं पोर एकटंच खडकांकडे निघालं आहे. लाट आली. पोर दिसेनासं झालं.

ठमीचा मोबाइल गादीवर उलटा पडला होता. आत्याची पाठ माझ्यापासून वीतभर पुढे गेली होती, आणि मित्रांनो, माझी एकही स्प्रिंग वाजली नाही. म्हातारी पुन्हा म्हणाली, "कडी लावलीस का?" या वेळी खाष्ट कोणी म्हणालं नाही. आईने पदराने नाक पुसलं.

तेवढ्यात बेल वाजली. भंगारवाला सांगितल्यापेक्षा लवकर आला होता. बाबा उठले.

आत्याने मान न वळवता हात आडवा केला. जन्मभर उशिरा येणाऱ्यांना आत घेणारा तो हात. "बस खाली. चित्रपट सुरू झालाय. आता दार उघडायचं नाही."

बाबा बसले. बेल पुन्हा एकदा वाजली, मग जिन्यावर पावलं उतरत गेली.

तो पुढच्या रविवारी येईलही. म्हणून तर मी तुमच्याशी बोलते आहे. चित्रपट असो, म्हातारी असो की फाटक्या रेक्झिनची खुर्ची असो, मत जरूर द्या, पण सुरुवात पाहून द्या. माझी सुरुवात आता तुम्ही ऐकलीत. आमच्या घरी कधी आलात, तर ती बाबांनाही सांगा. आणि माझ्यावर बसणार असाल, तर आधी मोबाइल बाहेर ठेवून या.