ह्यांचं 'नाही'

आमच्या ह्यांना आयुष्यात कधी 'हो' म्हणता आलं नाही. व्हिएतनाम सोडताना नाही, आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर गोऱ्यांनी आमची कोळंबीची होडी जाळली, तेव्हा तिथून हलतानाही नाही. मीच ओढत कॅलिफोर्नियात आणलं. मग इथे वेस्टमिन्स्टरला आपल्या माणसांत असे रमले की म्हणायचे, मेलो तरी टेक्सासात पाऊल ठेवणार नाही. सहा वर्षांपूर्वी इथेच गेले.

आता आमची गल्ली ओस पडत चाललीय. जो तो टेक्सासात ह्यूस्टनला निघालाय, घरं तिथे स्वस्त. माझी लेक थोआसुद्धा गेली, आणि परवा मला न्यायला आली.

"आई, तिथे आता दुकानांच्या पाट्याही आपल्याच भाषेत आहेत. हट्ट सोड."

"हट्ट माझा नाही, तुझ्या बापाचा. त्यांना मागे टाकून मी यायची नाही. विचारते."

पितरांना विचारायची आमची रीत सोपी. पितर ज्या भांड्यात वसतात त्यात उदबत्ती लावायची, दोन नाणी बशीत टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. एका दिवसात तीनदाच विचारायचं.

"अहो, येता का टेक्सासला?"

दोन छापे. दोन काटे. पुन्हा दोन काटे.

"आई, बाबांना आता कुठे काय कळतंय?" थोआ हळूच म्हणाली.

"गप्प बस. तुला तुझा बाप ठाऊक नाही."

म्हटलं खरं, पण मलाच रडू फुटलं. एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे हे. कुणाला सोडू?

सकाळी तांदूळ धुता धुता डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना 'येता का' असं मी कधी विचारलंच नव्हतं. होडी जळाली त्या दिवशी थोआला काखोटीला मारलं होतं आणि दारातून म्हटलं होतं, मी निघाले, तुम्ही एकटे राहताय का? मुकाट मागे आले होते.

हात पुसले, उदबत्ती लावली, नाणी घेतली.

"अहो, मी निघाले. इथे एकटे राहताय का?"

दोन काटे.

"बघ, पुन्हा नाहीच," थोआ म्हणाली.

"नाहीच म्हणतायत. गाडी काढ."

उदबत्त्यांचं भांडं मी कुणाच्या हाती दिलं नाही. दोन दिवस मांडीवर धरून बसले. टेक्सासची हद्द लागली तेव्हा त्यावर हात ठेवून म्हटलं, "पाऊल नका ठेवू हवं तर. मांडीवरच राहा."